आमची वाटचाल : उदच्या दुकानातली धनुष्यं

आमचं दुकान इस्तंबूलच्या आशियाई काठावर, उस्कुदारमध्ये. मूळचं ते सासऱ्यांचं. तिथे ते उद हे तंतुवाद्य बनवायचे. मी पंढरपूरचा. नोकरीसाठी इथे आलो आणि जावई होऊन राहिलो. धनुष्याचं वेड मात्र बायकोचं. २०१३ मध्ये ओकमेयदानीचा तिरंदाजांचा जुना मठ नव्याने उघडला आणि ती तिथे शिकायला जाऊ लागली.

ओकमेयदानी म्हणजे बाणांचं मैदान. १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदाने ते तिरंदाजांसाठी राखून ठेवलं. बाण विक्रमी लांब गेला की तिथे दगड उभारत. तोझकोपारान इस्केंदरचा बाण सुमारे ८४५ मीटर गेल्याची नोंद आहे. आता मैदानावर इमारती आहेत. उरलेले दगड घरांच्या गर्दीतून शोधावे लागतात. दर रविवारी आम्ही ते शोधत फिरायचो; लग्नानंतरची आमची सहल म्हणजे एवढीच.

२०१४ मध्ये सासऱ्यांनी पहिलं धनुष्य करायला घेतलं. त्यांना चिकटवायचा सरस कळत होता, लाकूड कळत होतं. बाकी सगळं नवीन. मध्ये मेपलचं लाकूड. तिरंदाजाच्या बाजूला म्हशीचं शिंग, ते दाब सोसतं. पाठीवर गुरांच्या पायातली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी चिवट पट्टी. ती कुटली की सुतासारखे धागे निघतात. ते सरसात भिजवून थरावर थर बसवायचे, म्हणजे ताण त्यांच्यावर येतो. मग थांबायचं. महिनोन् महिने. सुकता सुकता धनुष्य उलट्या बाजूला वळत जातं, आणि दोरी चढवताना ते पुन्हा सुलट करायचं असतं. पहिल्यांदा दोरी चढवायच्या वेळी दुकानात कुणी बोलत नाही.

हे सगळं मुस्तफा कानीने लिहून ठेवलं होतं. सुलतान दुसऱ्या महमूदच्या सांगण्यावरून लिहिलेला त्याचा ग्रंथ १८४७ मध्ये छापला गेला. पण पुस्तकातला सरस आणि बोटांना लागलेला सरस यांत फरक असतो. हातांची परंपरा जवळपास तुटलीच होती. १९३७ मध्ये अतातुर्कच्या पुढाकाराने तिरंदाजीची संस्था निघाली. दोनच वर्षांत तीही बंद पडली. तिच्यातले नेजमेद्दिन ओक्याय हे सुलेखनकार आणि तिरंदाज १९७६ मध्ये गेले. त्यांचं आडनावच बाण-धनुष्य! ओक म्हणजे बाण, याय म्हणजे धनुष्य.

आता पैशाचं. एक धनुष्य म्हणजे निदान वर्षभर अडकलेलं भांडवल, आणि भाडं दर महिन्याला. तिसऱ्या वर्षी मी घाई केली. कंडरा पुरती सुकायच्या आत एक धनुष्य विकलं. गिऱ्हाईकाच्या हातात त्याचं शिंग सुटलं. पैसे परत केले. सासरे मला एक शब्द बोलले नाहीत, आठवडाभर. त्यानंतर धनुष्यावर त्यांनी पेन्सिलीने तारीख घातल्याशिवाय मी ते फळीवरून काढत नाही.

दुकान तगलं ते फायबरग्लासच्या स्वस्त धनुष्यांवर आणि अंगठ्यात घालायच्या झिहगीरवर. दोरी इथे अंगठ्याने ओढतात, त्यासाठी ही अंगठी लागते. जुन्या वळणाची मंडळी फायबरग्लासला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. शिकणारी पोरं त्यावरच शिकतात, आणि त्यांतलाच एखादा पाच वर्षांनी शिंगाचं मागायला येतो. ऐतिहासिक मालिकांनी गर्दी वाढवली. २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत ही तिरंदाजी आली, तेव्हाही चौकशा वाढल्या. चौकशा बऱ्याच, गिऱ्हाइकं बेताची.

खरी अडचण शिंगांची. लांब, सरळ शिंग मिळणं कठीण. सासऱ्यांना मी फोनवर पंढरपुरी म्हशीचा फोटो दाखवला, शिंगं पार पाठीवर गेलेली. ते बराच वेळ फोन धरून बसले. कागदपत्रांत दीड वर्ष गेलं. आलेल्या शिंगांतली बरीचशी पीळ पडलेली निघाली. त्यांच्या झिहगीर झाल्या. सरळ अशी दोनच जोड्या हाती लागल्या. त्यांतल्या एका जोडीचं धनुष्य सध्या फळीवर आहे, तारखेविना.