तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी आणि कॅप : माझा अनुभव

पदवीनंतर महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीला जायचं तर दोन टप्पे पार करावे लागतात. एक सीईटी, म्हणजे राज्य सीईटी कक्षाची सामाईक प्रवेश परीक्षा, दुसरा कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. सीईटीचा फॉर्म भरला की प्रवेशाचा अर्जही झाला, असं समजून बसणारे बरेच असतात. कॅपची नोंदणी वेगळी करावी लागते, तिचं शुल्कही वेगळं असतं, आणि ती राहिली तर कितीही चांगला पर्सेंटाइल असो, तो कागदावरच राहतो. दोन्हीतून गेल्यावर माझं मत असं झालं, की परीक्षेला तीन महिने पुरतात. कागदपत्रांना जास्त लागतात. म्हणून कागदांपासूनच सांगतो.

आधी पात्रता. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी ४२, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०. वयाची अट नाही. शेवटच्या वर्षाला असलेल्यांना सीईटी देता येते, पण कॅपमध्ये निकाल हातात असावा लागतो. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी इथे जरा थांबावं. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते. पण दहावी आणि बारावी न करता, नुसत्या पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून थेट पदवीला प्रवेश घेतला असेल तर बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिली आणि विधी शिक्षणाचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या, २००८ च्या विधी शिक्षण नियमांत तो उमेदवार बसत नाही. ही गोष्ट सीईटीच्या फॉर्मवर कोणी अडवत नाही. अडवतात ती कागद तपासताना, म्हणजे सगळी मेहनत झाल्यावर.

खुल्या प्रवर्गातल्याला सर्वात जास्त नडतं ते वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र. बोलताना आपण नुसतं 'डोमिसाइल' म्हणतो. ते सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतं, सही तहसील पातळीवर होते, आणि निकालांच्या मोसमात तिथे गर्दी उसळते. हे प्रमाणपत्र एकदा काढलं की पुन्हा काढावं लागत नाही, मग जानेवारीतच का काढू नये? राखीव प्रवर्गाला जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याला महिने जातात, आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदी मागतात. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि कॅपला पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा दाखला हवा असतो. म्हणजे फेब्रुवारीत हौसेने काढलेला एका वर्षाचा दाखला जुलैत निरुपयोगी. तो एप्रिलनंतरच काढावा. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं काढावं. केंद्राच्या नोकरीसाठी काढलेलं घरात असलं तरी ते इथे चालवायला जाऊ नये.

नावाचा घोळ वेगळाच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव जोडलेलं. एवढं सहसा निभावतं. पण लग्नानंतर बदललेलं नाव असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडावाच लागतो. मी सगळीकडे दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच टाकलं. सर्वांनी तेच करावं. पदवी सीजीपीएवर, म्हणजे श्रेणीगुणांच्या सरासरीवर असेल तर टक्क्यांत रूपांतराचं सूत्र किंवा विद्यापीठाचं पत्र आधी मिळवून ठेवावं. स्वतःच्या मनाने दहाने गुणलं की अर्ज त्रुटीत जातो.

आता परीक्षा. पूर्वी १५० प्रश्न होते, आता १२० प्रश्न, १२० गुण, वेळ दोन तास, सगळं संगणकावर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तीन वर्षांच्या पेपरमध्ये इंग्रजीचे ४०, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींचे ३२, कायदेविषयक कल चाचणीचे २४ आणि तर्कशक्तीचे २४. कायद्याची परीक्षा म्हणून लोक कायद्याची जाडजूड पुस्तकं घेऊन बसतात, आणि पेपरचा तिसरा हिस्सा असतो इंग्रजीचा! मराठी माध्यमातल्यांचं इथेच जास्त नुकसान होतं, कारण बाकीचे विभाग मराठीतही वाचता येतात, हा नाही. व्याकरणाची वीस-पंचवीस ठिकाणं पुन्हा पुन्हा येतात: कर्ता-क्रियापदाचा मेळ, शब्दयोगी अव्ययं, काळ, प्रयोग, वाक्प्रचार, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द. रोज चाळीस मिनिटं आणि एक उतारा, एवढ्यावर दोन महिन्यांत चाळीसपैकी पंधरावर असलेला माणूस पंचवीसच्या पुढे जाऊ शकतो. दुसऱ्या कुठल्याही विभागात इतक्या वेळात इतके गुण वाढत नाहीत.

मराठीत पेपर वाचायचा असेल तर एक अडचण आधी ओळखून घ्यावी. परीक्षेतली मराठी ही शासकीय परिभाषेची मराठी असते. टॉर्ट म्हणजे अपकृत्य, कॉन्ट्रॅक्ट म्हणजे संविदा, कन्सिडरेशन म्हणजे प्रतिफल, रिट म्हणजे प्राधिलेख. बत्तिसाव्या अनुच्छेदातले पाच प्राधिलेख मराठी संविधानात देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण असे आहेत. क्वाधिकार हा शब्द पहिल्यांदा परीक्षागृहात वाचला तर माणूस तिथेच अडखळतो. मी वहीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत आणि दुसऱ्या बाजूला मराठी, अशी सुमारे दोनशे शब्दांची यादी केली होती. प्रश्न कळला नाही की दुसऱ्या भाषेतला वाचायचा, ही सवयही सरावातच लागते.

कायद्याच्या २४ प्रश्नांत संविधान, अपकृत्य, संविदा आणि फौजदारी कायदा एवढंच प्रामुख्याने येतं. जुनी पुस्तकं इथे घात करतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली: ५११ कलमांच्या जागी ३५८. खुनाची शिक्षा ३०२ मधून १०३ मध्ये गेली, फसवणूक ४२० वरून ३१८ वर. फौजदारी प्रक्रियेसाठी नागरिक सुरक्षा संहिता, पुराव्यासाठी साक्ष्य अधिनियम. पुस्तक घेताना ही तिन्ही नावं अनुक्रमणिकेत आहेत का, ते दुकानातच उघडून बघावं. मुखपृष्ठावर 'नवीन आवृत्ती' असणं आणि आत नवीन कलमं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तत्त्व आणि घटना देऊन निष्कर्ष विचारणारे प्रश्न कसे फसवतात ते एका उदाहरणाने दाखवतो. तत्त्व: जो माणूस जाणूनबुजून धोका पत्करतो, त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. घटना: एक जण तिकीट काढून क्रिकेटचा सामना बघायला जातो. सामना चालू असताना तो बसलेला लाकडी कठडा कोसळतो आणि त्याचा पाय मोडतो. घाईत वाचणारा 'सामन्याला स्वतःहून गेला, म्हणजे धोका पत्करला' म्हणून भरपाई नाही असं ठोकून देतो. उत्तर उलट आहे. त्याने पत्करला तो चेंडू लागण्याचा धोका. कठडा कोसळण्याचा त्याला माहीत नव्हता, आणि तत्त्वात 'त्या धोक्यातून' असे शब्द आहेत. दोन शब्दांवर अख्खा गुण. असे प्रश्न सोडवताना तत्त्वातल्या प्रत्येक शब्दाखाली मनात रेघ मारायची, आणि स्वतःला काय न्याय्य वाटतं ते विसरायचं. तत्त्व चुकीचं वाटलं तरी तेच खरं धरून चालायचं.

वेळेचं माझं गणित असं होतं: सामान्य ज्ञान १५ मिनिटं, इंग्रजी २५, कायदा ३०, तर्कशक्ती ३५. उरलेली १५ मिनिटं खूण करून ठेवलेल्या प्रश्नांना. सामान्य ज्ञान आधी घेतलं, कारण तिथे उत्तर येतं किंवा येत नाही, विचार करून सुचत नाही. तर्कशक्ती शेवटी, कारण बैठकव्यवस्थेचा एक प्रश्न पाच मिनिटं खाऊन जातो आणि मागचे चार सोपे प्रश्न तसेच राहतात. गुण कापत नसल्याने शेवटच्या दोन मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. पर्याय निवडून 'सेव्ह' न करता दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली तर उत्तर नोंदलं जात नाही. सराव परीक्षा संगणकावर द्यायच्या त्या याचसाठी. मोबाइलवर दिलेल्या सरावाने ही सवय होत नाही.

शेवटचे सहा आठवडे आठवड्याला दोन पूर्ण पेपर पुरेत. त्यापेक्षा जास्त पेपर सोडवून ते न तपासणं हा वेळेचा अपव्यय. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर मी तीनपैकी एक अक्षर लिहायचो: 'मा' म्हणजे माहितीच नव्हती, 'वा' म्हणजे वाचनात चूक, 'घा' म्हणजे घाई. तिसऱ्या आठवड्यातच दिसलं की 'वा' आणि 'घा' मिळून 'मा'पेक्षा जास्त भरतात. तेव्हापासून नवीन वाचन कमी केलं.

परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण किती जणांना, त्याला सत्रातल्या एकूण संख्येने भागून शंभराने गुणायचं. त्यामुळे '७२ गुणांना कुठलं कॉलेज?' या प्रश्नाला अर्थ नाही. अवघड सत्रातले ७२ आणि सोप्या सत्रातले ७२ एक नव्हेत. मागच्या वर्षीचे कट-ऑफ बघायचे तर तेही पर्सेंटाइलचेच, आपल्या प्रवर्गाचे आणि फेरीनुसार बघावेत. पहिल्या फेरीचा आकडा बघून घाबरणारे पुष्कळ असतात. पुढच्या फेऱ्यांत तो बऱ्याच ठिकाणी उतरतो.

कॅपमध्ये नोंदणी, कागद चढवणं, ऑनलाइन छाननी, वर्णानुक्रमे यादी, हरकती, अंतिम गुणवत्ता यादी आणि मग फेऱ्या, असा क्रम असतो. वर्णानुक्रमे यादीकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण तिच्यात क्रमांक नसतो. पण आपला प्रवर्ग, अधिवास आणि गुण बरोबर नोंदले आहेत का, ते तिथेच दिसतं, आणि दुरुस्तीला मोजकेच दिवस असतात. छाननीत त्रुटी निघाली तर अर्ज परत येतो. संदेशाची वाट न बघता रोज लॉगिन करून बघावं. गुणपत्रिकेची पुढची-मागची दोन्ही पानं एकाच फाइलमध्ये हवीत. मोबाइलने तिरका काढलेला, कोपरा कापलेला फोटो हे परत येण्याचं अगदी साधं कारण.

पसंतीक्रम लावताना 'मला हे मिळणारच नाही' म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकायचं, ही सर्वात महाग चूक. गुणवत्ता यादीतल्या माझ्या क्रमांकावर संगणक येतो, माझी पहिली पसंती बघतो, जागा नसेल तर दुसरी बघतो. अवघड नाव वर ठेवल्याने खालचं हातचं जात नाही. मुंबईचं १८५५ सालचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं १९२४ सालचं आयएलएस मनात असेल तर ते निःसंकोच वर टाकावं. उलट जिथे जायचंच नाही ते यादीत नको; ते मिळालं की डोकेदुखी. पहिली पसंतीच मिळाली तर पुढच्या फेऱ्यांचं दार सहसा बंद होतं, म्हणून पहिल्या ओळीवर नाव टाकण्याआधी कॉलेज एकदा डोळ्यांनी बघून यावं. वर्गांची वेळ, प्रवासाचे तास आणि अनुदानित की विनाअनुदानित, हे तिथे जाऊनच नीट कळतं. नोकरी सांभाळून एलएलबी करू म्हणणाऱ्यांनी बार कौन्सिलची प्रत्येक विषयातली ७० टक्के हजेरीची अटही जमेस धरावी.

फीचा विचार प्रवेशाआधी करावा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि २०२४-२५ पासून लागू झालेली मुलींची शुल्कमाफी या दोन्हींसाठी प्रवेश कॅपमधूनच लागतो, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. व्यवस्थापन कोट्यातून जागा पक्की केली की हे सगळं गेलं. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतः करावा लागतो, कॉलेज आपोआप करत नाही.

जागा मिळाल्यावर कॉलेजात हजर व्हायला दिलेले दिवस थोडे असतात. मूळ शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला तिथे जमा होतो, परत मिळणं कटकटीचं. त्याच्या साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवाव्यात. विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र जुन्या विद्यापीठातून आणावं लागतं. ते प्रवेशाच्या दिवशी नसलं तर बहुतेक ठिकाणी हमीपत्रावर मुदत देतात, पण ते आणल्याशिवाय पुढे परीक्षेचा अर्ज अडकतो.