ट्रकच्या नावावर बेअरिंग मागू नका, माप घेऊन जा

आजोबांचा ट्रक कोल्हापुरात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा असतो. टाटा मर्सिडीज-बेंझ, एल ३१२, नाकवाला, ग्रिलवर अजून तारा आहे. टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, डायम्लर-बेंझशी करार झाला १९५४ मध्ये, जमशेदपूरला हे ट्रक बनायला लागले, १९६९ ला करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टी आला, त्यामुळं तारा दिसला की जुने ड्रायव्हर लोक थांबून बॉनेटवर हात फिरवल्याशिवाय पुढं जात नाहीत. आजोबांनी ह्यात गुळाचे रवे भरून मुंबईच्या खेपा केल्या. आता वर्षातनं पाच-सहा वेळा निघतो, पण खंडेनवमीची पूजा झाली की जोतिबाच्या डोंगरावर एक चक्कर, हे काही चुकत नाही.

ह्या वर्षी पावसाळा संपता संपता क्लच दाबला की किर्रर्र असा आवाज यायला लागला. पॅडल सोडलं की आवाज गायब. हे लक्षात ठेवा, कारण उलटं असेल, म्हणजे न्यूट्रलला पॅडल सोडल्यावर आवाज येतोय आणि दाबलं की थांबतोय, तर बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग असतं आणि मग रिलीज बेअरिंग, म्हणजे पॅडल दाबलं की पुढं सरकून क्लच सोडवणारं बेअरिंग, बदलून काही उपयोग नाही. आमचं रिलीज बेअरिंगच होतं. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले पुण्याला चाललाच आहेस तर नाना पेठेतनं घेऊन ये, सगळं मिळतंय तिथं. मी गेलो, ट्रकचं नाव आणि मॉडेल सांगितलं, दुकानदारानं वरच्या फळीवरनं एक धुळकट खोका काढून दिला. बेअरिंग कोरं होतं, हातात गरगर फिरत होतं, आणि मी खुशीत घरी आलो.

गिअरबॉक्स उतरवायला आम्हाला दोन दिवस लागले. मिस्त्रीकाकांनी जुनं बेअरिंग स्लीव्हवरनं, म्हणजे ते ज्या नळीवर बसतं तिच्यावरनं, काढलं, नवीन बसवलं, आतला व्यास बरोबर, घट्ट बसलं. सगळं जोडून झाल्यावर पॅडलला प्ले, म्हणजे वजन लागायच्या आधी ते मोकळं जातं तेवढं अंतर, म्हणून नाहीच. रॉडचा नट सोडत सोडत शेवटच्या आट्यापर्यंत नेला तरी बेअरिंग फिंगरना, म्हणजे ते ज्यांना दाबून क्लच सोडवतं त्या बोटांसारख्या पट्ट्यांना, टेकलेलंच. चालवून बघू म्हणून बाहेर काढला, सपाटीवर ठीक वाटलं, पण जोतिबाच्या चढाला इंजिनचा आवाज वाढतोय आणि ट्रक मात्र जागच्या जागी, आणि दोनच मिनिटांत क्लचप्लेट जळाल्याचा तो वास. तिथनंच मागं फिरवला. आबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मला फार वाईट वाटलं.

परत गिअरबॉक्स खाली. ह्या वेळी काकांनी माप घ्यायचा व्हर्नियर आणायला लावला आणि जुनं आणि नवं बेअरिंग फरशीवर शेजारी शेजारी ठेवलं. नुसत्या डोळ्यानंही कळत होतं. नवीन ४ एमएम उंच! मी म्हटलं दुकानदारानं चुकीचं दिलं, तर आबा जरा विचार करून म्हणाले, न्हाई रे, ते मूळचं मापच असंल, आपलाच क्लच मूळचा न्हाई. ऐंशीच्या दशकात कधीतरी प्रेशर प्लेट, म्हणजे क्लचप्लेट दाबून धरणारी फिंगरवाली प्लेट, गेली तेव्हा मिळाली ती नंतरच्या मॉडेलची बसवली होती, तिच्या फिंगर गिअरबॉक्सच्या बाजूला जास्त पुढं येतात, म्हणून त्या वेळच्या मिस्त्रीनं बुटकं बेअरिंग शोधून घातलं होतं. ते कुठल्या कागदावर लिहिलेलं असणार? आरसी बुकात चासी नंबर असतो, आत कुणाची प्रेशर प्लेट आहे ते नसतं.

म्हणून सांगतो, इतक्या जुन्या गाडीत बेअरिंग ट्रकच्या नावाला जुळवायचं नसतं, आत्ता आत बसलेल्या प्रेशर प्लेटला आणि स्लीव्हला जुळवायचं असतं. उंची जास्त झाली तर आमच्यासारखं होतं, बेअरिंग कायम फिंगरना दाबून राहतं, सतत फिरतं आणि क्लच स्लिप मारतो. उंची कमी पडली तर पॅडल तळाला गेलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो. आणि आज बरोबर वाटणारा प्ले उद्या राहतोच असं नाही, कारण क्लचप्लेट झिजली की फिंगरची टोकं बेअरिंगच्या दिशेनं मागं सरकतात, म्हणजे प्लेट झिजेल तसा प्ले कमी होत जातो. प्लेट नवीन असतानाच प्ले नसेल तर पुढं काय होणार ते सांगायला नको. आजोबा क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याला सरळ खाली उतरवायचे, ते का ते मला आत्ता कळलं.

उंचीनंतर तोंड. जुन्या बेअरिंगचं तोंड बघितलं तर सपाट, आणि त्यावर फिंगर घासून घासून आरशासारखं चकचकीत कडं उमटलेलं, जेमतेम ३ एमएम रुंद. आमच्या फिंगरची टोकं गोलसर आहेत, म्हणून समोर सपाट तोंड पाहिजे. डायफ्रॅमवाल्या, म्हणजे बशीसारखी एकच स्प्रिंग असलेल्या प्लेटच्या फिंगर सपाट असतील तर समोर बेअरिंगचं तोंड गोलसर लागतं. दोन्ही गोल आले की टेकायला जागाच उरत नाही, टोकं लवकर खातात. ते चकचकीत कडं नीट बघा, एका बाजूला सरकलेलं असेल तर बेअरिंग मध्यावर चालत नव्हतं किंवा फिंगर एका उंचीला नव्हत्या. आमची एक फिंगर थोडी खाली होती, काकांनी तिन्ही एका पातळीत आणल्या.

मग मी जुनं बेअरिंग आणि स्लीव्ह दोन्ही पिशवीत घालून उद्यमनगरात गेलो. आतला व्यास, एकूण उंची, तोंडाचा व्यास, तोंड सपाट, सगळं कागदावर लिहून नेलं होतं. पहिल्या दुकानात उंची बरोबर मिळाली पण तोंड गोलसर. चालतंय की, सगळे हेच घालत्यात, म्हणाला. मी नको म्हटलं. तिसऱ्या दुकानात माप जुळलं. तिथंच शेजारी प्रेसवर बसवून घेतलं, जी रिंग स्लीव्हवर घट्ट बसते त्याच रिंगवर दाब देऊन, कारण दुसऱ्या रिंगवर दाबलं की सगळा जोर आतल्या गोळ्यांवर येतो आणि नवीन बेअरिंग बसायच्या आधीच खराब होतं.

आणि एक, कोरं बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नका! काकांचा पोरगा सवयीनं धुवायला निघाला होता, काकांनी हात धरला. सीलबंद बेअरिंगचं ग्रीस कंपनीनं भरलेलं असतं, डिझेल आत शिरलं की ते पातळ होऊन निघून जातं आणि नंतर वरनं कितीही लावा, आत जात नाही. ग्रीस लावायचं ते स्लीव्हच्या आतून आणि बेअरिंग ढकलणारा फोर्क टेकतो तिथं, बोटावर येईल एवढंच, जास्त झालं की उडून क्लचप्लेटवर जातं.

क्लचप्लेट जळाली होती, तीही बदलली, तो खर्च माझ्याकडनं झाला म्हणून मीच दिला. आता पॅडल वरनं साधारण इंचभर हलकं जातं आणि मग वजन लागतं. खंडेनवमीला झेंडूचं तोरण बांधलं, आबा स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि जोतिबाच्या त्याच चढाला दुसऱ्या गिअरमध्ये ट्रक न थांबता वर गेला. त्यांचा डावा पाय पूर्ण वेळ खाली फळीवर होता.

जुनं बेअरिंग टाकलेलं नाही. मापांचा कागद त्याला सुतळीनं बांधून टूलबॉक्समध्ये ठेवलाय, प्रेशर प्लेट कुठल्या मॉडेलची आहे तेही त्यावर लिहिलंय.