आमची वाटचाल : पडवीतल्या बरणीपासून स्टीलच्या टाकीपर्यंत

2009च्या मे महिन्यात घराच्या पडवीत आम्ही विक्रीसाठी अमृत कोकम करायला घेतलं. सासूबाईंची रीत साधी होती. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढून सालींच्या वाट्यांत साखर दाबून भरायची आणि बरणी उन्हात ठेवायची. वाट्यांना रस सुटतो, त्यात साखर आपसूक विरते. आठवडा लागला तरी कुणाला घाई नसे.

मागणी वाढली तसा आम्ही रस आधीच काढून पिंपात साखर ओतू लागलो. दुसऱ्याच वर्षी तळाशी दोन बोटं साखर तशीच राहिली. वरचं सरबत कमी गोड, म्हणून ते आंबलं आणि 140 बाटल्या परत आल्या. ते पैसे मी पुढचे दोन हंगाम फेडत होते.

तेव्हापासून साखर कशी विरघळते ते नीट पाहायला लागले. दाण्याभोवती लगेच दाट पाक धरतो. तो जड, तळाशीच बसतो आणि ताजा रस दाण्यापर्यंत पोचू देत नाही. म्हणून ढवळायचं ते तळापासून. मोठ्या दाण्याऐवजी बारीक दाण्याची साखर घेतली. दाणा लहान, तितकं रसाला भिडणारं अंग जास्त. पिठीसाखरेच्या मात्र गुठळ्या झाल्या, आत कोरडी पूड. उष्णतेने काम झटपट होतं, पण कोकमाचा लाल रंग उतरतो. त्यामुळे टाकीबाहेर गरम पाणी खेळवतो आणि रस 45 अंशांवर जाऊ देत नाही.

खरी अडचण शेवटच्या साखरेची. 20 अंशांना 1 लिटर पाण्यात साधारण 2 किलो साखर मावते, 50 अंशांना 2.6 किलो. आमचं सरबत 65 ब्रिक्सचं, म्हणजे 100 ग्रॅममध्ये 65 ग्रॅम साखर. रसातलं पाणी साखरेने जवळजवळ भरलेलंच. पहिलं अर्धं पोतं बघता बघता नाहीसं होतं, उरलेलं रेंगाळतं. आता साखर तीन हप्त्यांत घालतो. आधीची पुरती विरल्याशिवाय पुढची नाही.

आज 300 लिटरची टाकी आहे, तळाशी फिरणारं पातं आहे, ब्रिक्स मोजायचं यंत्रही आहे. तरी बाटल्या भरण्याआधी मी लांब पळी तळाला घासून बघते. कर्र वाजलं, की अजून अर्धा तास ढवळायचं.