उरलेले नऊ हिस्से

रविवार, रात्री

दशांश दिला की मन मोकळं होतं, आणि मला वाटतं गफलत तिथेच होते. दहातला एक हिस्सा देवाचा म्हणून बाजूला काढला की उरलेले नऊ आपल्या मालकीचे, असं आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो. बायबलमधलं २४वं स्तोत्र तर पहिल्याच ओळीत सांगतं की पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं आहे. मग नऊ हिस्से तरी आपले कुठून झाले?

पगाराच्या फरकाची रक्कम खात्यात आली आहे, म्हणून हे सारखं डोक्यात घोळतंय.

पैसा वाईट, असं शास्त्र म्हणत नाही. प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला 'सर्व वाईटाचं मूळ' म्हणून लिहिलं ते द्रव्याच्या लोभाबद्दल. श्रीमंतांना तो घरदार सोडायला सांगत नाही. धनाचा भरवसा धरू नका, हात सैल ठेवा, एवढंच सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात १२व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला, मोठी कोठारं बांधायला निघालेला धनवान तरी कुठे चोर होता? पीक त्याच्याच जमिनीत आलं होतं. पण त्याचं बोलणं आज पुन्हा सावकाश वाचलं: माझं उत्पन्न, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. अख्ख्या बोलण्यात दुसरं माणूसच नाही. ना शेजारी, ना मजूर, ना सरवा वेचायला आलेली एखादी विधवा. मोशेचं नियमशास्त्र तर शेताच्या कडा कापूच नका म्हणतं. त्या गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राखलेल्या असतात.

अठराव्या शतकातला इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने एका उपदेशात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशेब दिला आहे. तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच, असं मानतात. वर्षाला ३० पौंड मिळाले तेव्हा २८ मध्ये भागवलं, २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले. खर्च २८च, दिले ३२. मग ९० मिळाले, दिले ६२. मला हे टक्केवारीपेक्षा फार खरं वाटतं. आपण दानाचा आकडा बांधून टाकतो आणि खर्च मोकळा सोडतो. त्याने खर्च बांधला आणि दान मोकळं सोडलं.

गावाकडे चर्चमधल्या पिकाच्या सणाला मी हे पाहिलं आहे. उपासना संपली की आवारात लिलाव. साधा दुधी भोपळा, बाजारभावाच्या कितीतरी पट बोली जाते. घेणारा पैसे भरतो आणि भोपळा परत टेबलावर ठेवतो, "पुन्हा बोला पाळकसाहेब!" त्या घडीला कोणी दहावा हिस्सा मोजत नसतं.

हिने मात्र संध्याकाळी पौलाचंच दुसरं वाक्य पुढे केलं: जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. बरोबरच आहे. आईंची औषधं, दवाखान्याचा विमा, धाकटीची फी हे सगळं आधी. वेस्लीच्या त्या तरुणाच्या हिशेबात असलं काही नव्हतं, हेही खरं.

तेव्हा महिनाअखेरीस दोघांनी वही घेऊन बसायचं आणि घरखर्चाचा आकडा आधी लिहायचा, हे सगळं धरून. पगार वाढला तरी तो आकडा महागाईपलीकडे वाढवायचा नाही, इथवर आमचं एकमत आहे. गाडीवर अडलंय. मला नवी हवी आहे. ही म्हणते, टायर आणि क्लच बदलून घेतला तर हीच अजून चालेल.