युरिया कमी आला, पण जेवण किती झालं?

आईचं डायलिसिस सुरू झाल्यापासून नातेवाइकांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, काय काय बंद केलंय? काय वाढवलंय असं कोणीच विचारत नाही. आणि मला नेमकं त्यावरच लिहायचंय, कारण सेंटरवर बाहेरच्या बाकावर बसून बाकीच्या घरच्यांशी बोलताना दिसतं की बहुतेकांकडे अजून जुनाच डाएट चार्ट फ्रिजवर लावलेला आहे. डायलिसिसच्या आधीचा. डाळ नको, पनीर नको, अंडं नको.

तो चार्ट त्या वेळी बरोबरच होता हो. किडनी अजून थोडी काम करत असते तेव्हा प्रोटीन कमी ठेवतात, किलोमागे ०.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तिच्यावर लोड कमी येतो. पण एकदा मशीन सुरू झालं की हे गणित पूर्ण उलटं होतं आणि ते कोणी नीट बसून सांगत नाही. आता किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, जवळजवळ दुप्पट, कारण प्रत्येक सेशनमध्ये डायलायझरमधून, म्हणजे मशीनच्या गाळणीतून, युरिया या टाकाऊ पदार्थाबरोबर प्रोटीनचे तुकडे म्हणजे अमिनो अ‍ॅसिडही निघून जातात, साधारण ६ ते ८ ग्रॅम, कधी त्याहून जास्त. शिवाय मशीनवर असताना शरीर स्वतःचं स्नायूंचं प्रोटीनही मोडत असतं. म्हणजे ५५ किलोच्या माणसाला दिवसाला ५५ ते ६६ ग्रॅम. आपलं नेहमीचं घरचं जेवण, दोन-दोन पोळ्या, वाटीभर वरण, भात, भाजी, एवढ्यात ४० ग्रॅम गाठणंही कठीण. आणि डायलिसिसच्या माणसाला मुळात भूक कुठे असते.

आता खरा मुद्दा. महिन्याचे रिपोर्ट येतात, त्यात डायलिसिसच्या आधीचा युरिया कमी दिसला की घरात सगळे खूष होतात. पण युरिया येतो कुठून? खाल्लेल्या प्रोटीनमधून. माणूस जेवतच नसेल तर युरिया कमी येणारच! म्हणजे तो आकडा चांगल्या डायलिसिसमुळे कमी आहे की उपासमारीमुळे, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. आणि यात एक वाईट चक्र आहे, डायलिसिस पुरेसं होत नसलं की तोंडाला चव नसते, मळमळतं, जेवण जात नाही, जेवण कमी म्हणून युरिया कमी, युरिया कमी म्हणून सगळ्यांना वाटतं डायलिसिस मस्त चाललंय, म्हणून वेळ कोणी वाढवत नाही. पेशंट मात्र हळूहळू सुकत जातो.

म्हणून डायलिसिस किती झालं ते वेगळं मोजावं लागतं. सोपा हिशेब असा, सेशनच्या आधी रक्त आणि संपताना रक्त, दोन्हींचा युरिया. आधी १४० आणि नंतर ४२ म्हणजे ९८ कमी झाला, म्हणजे ७० टक्के. निदान ६५ टक्के तरी उतरायला हवा. डॉक्टर लोक केटी बाय व्ही म्हणतात ते याच्याच पुढचं गणित, तो आठवड्यातून तीन सेशन असतील तर प्रत्येक सेशनला कमीत कमी १.२, आणि टार्गेट १.४ ठेवतात. (नंतरचं रक्त घेताना पंप स्लो करून घ्यायचं असतं, नाहीतर नुकतंच साफ झालेलं रक्त सॅम्पलमध्ये मिसळतं आणि आकडा उगाच छान दिसतो. सिस्टरना प्रेमाने विचारा, सांगतात.)

हा आकडा कमी का येतो याची कारणं बरीचशी साधी असतात. चार तासांऐवजी साडेतीन तासांत उठवणं, कधी पुढची शिफ्ट थांबलीये म्हणून, कधी पेशंटच म्हणतो पुरे झालं, पायात गोळे आलेत. मानेतल्या कॅथेटरमधून (नळीतून) रक्ताचा फ्लो नीट न मिळणं. फिस्टुला, म्हणजे हातातली शीर धमनीला जोडून केलेली रक्त घ्यायची जागा, करून तो पिकायला आठवडे लागतात म्हणून लोक टाळत राहतात, पण चांगल्या फिस्टुलातून ३०० मिलीलिटर मिनिटाला आरामात मिळतात आणि इन्फेक्शनही कमी. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपल्याकडे आठवड्यात दोनच सेशन घेणारे खूप आहेत, पैसे, प्रवास, कोणीतरी एकाने कामावर खाडा करायचा, हे सगळं आलंच त्यात. चांगली किडनी आठवड्याचे १६८ तास चालते, तीन सेशन म्हणजे १२ तास, दोन म्हणजे आठ. लघवी बऱ्यापैकी होत असेल तर दोनवर काही काळ निभतं, ती बंद झाली की निभत नाही, म्हणून २४ तासांची लघवी मधूनमधून मोजायलाच हवी.

अजून एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते, ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन. पेशंटचं मांस कमी होतं आणि त्या जागी पाणी भरतं, काट्यावर वजन तेच! सगळे म्हणतात वजन टिकून आहे. मग रात्री आडवं झालं की धाप लागते, बीपी चढतं, आणि कळतं की ड्राय वेट केव्हाच खाली आणायला हवं होतं. आईचे दंड आणि गालाची हाडं मी नीट बघते, ब्लाउज सैल झाला का ते बघते, एकट्या काट्यावर माझा भरवसा नाही. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, बघते. १९९० मध्ये अमेरिकेत १२ हजारांहून जास्त डायलिसिस पेशंटचा डेटा लॉरी आणि ल्यू यांनी तपासला होता, त्यात अल्ब्युमिन कमी असणं आणि मृत्यूचा धोका यांचा फार घट्ट संबंध दिसला. अर्थात अल्ब्युमिन फक्त खाण्यानेच पडतं असं नाही, कॅथेटरचं इन्फेक्शन असलं, अंगात सूज असली तरी पडतं, म्हणून ते पडलं की आधी डॉक्टरांना दाखवायचं, थेट पावडरचा डबा विकत आणायचा नाही.

आता खायचं काय. अंडी खाणाऱ्यांसाठी पांढरा भाग म्हणजे सोनं आहे, एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास चांगलं प्रोटीन आणि किडनी बंद पडल्यावर रक्तात साठणारा फॉस्फरस जवळपास नाहीच. मासे, चिकन चालतं, सुकट आणि खारा मासा नको, त्यात मीठ किती असतं! पण आमची आई माळकरी आहे, अंड्याचा प्रश्नच नाही, आणि तिच्या माळेपुढे मी प्रोटीनचा तक्ता घेऊन उभी राहणार नाही. मग घरी फाडलेलं पनीर मोजून, मुगाची डाळ, थोडे सोया चंक्स उकळून पिळून, ताजं दही, तेही दिवसाच्या मोजून दिलेल्या पाण्यातच धरून. फॉस्फरससाठी जी गोळी असते ती घासाबरोबरच घ्यायची, जेवण होऊन तासाने घेतली तर तिचा काही उपयोग नाही, ती पोटात अन्नातल्या फॉस्फरसलाच धरते. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं, पोटॅशियम बरंच उतरतं, तेही या पेशंटच्या रक्तात साठतं. शहाळं नाही. स्टार फ्रूट तर अजिबात नाही, ते किडनीच्या पेशंटच्या थेट मेंदूवर जातं, माणसं दगावलीयत त्याने. आणि ते लो सोडियम मीठ घरात आणूच नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

एकादशीला आमच्याकडे खरी परीक्षा असते. रताळं, बटाटा, केळं, खजूर, शेंगदाणे, सगळं पोटॅशियमवालं ताट, आणि आषाढीला तर ती ऐकतच नाही. आमच्या डॉक्टरांनी तिला समजावलं, माऊली, औषधाला उपास मोडत नाही, तुमचं पनीर हे औषधच आहे. ते तिने मानलं. आता एकादशीला भगर थोडी, पनीर आणि दही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की सेशनची सोय झालीये, पण जेवणाची नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, २०१६ पासून केंद्राचा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, त्यामुळे कितीतरी घरं वाचली, हे मी डोळ्यांनी बघतेय. पण सेंटरवर डाएटिशियन भेटणं नशिबाची गोष्ट, आणि चार तास बसलेला माणूस बिस्किटांवर असतो. टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये खाण्यासाठी मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. म्हणजे औषधाबरोबर जेवणही लागतं हे सरकारला पटलेलं आहे. मग डायलिसिसच्या प्रत्येक सेशनला दोन उकडलेली अंडी, नाहीतर ५० ग्रॅम पनीर, आणि महिन्यातून एकदा डाएटिशियन, एवढं योजनेतच द्या. ज्यांचं बीपी मशीनवर पडतं त्यांनी सेशन संपल्यावर खावं, बाकीच्यांनी पहिल्या दोन तासांत.