बारा आणि एक

गुरुवार, रात्री साडेदहा

लेकाच्या रेडिएशनचे चौदा दिवस झाले. सोळा राहिले.

काल तेरावा होता, पण घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. निघताना दृष्ट काढता काढता सासूबाईंनी विचारलं, "आज बारा आणि एक ना?" एरवी असल्या गोष्टींवरून मी त्यांच्याशी हुज्जत घालते. काल मात्र रेडिएशनचं कार्ड पुढे करताना मीच टेक्निशियनदादांना म्हणाले, "आज बारा आणि एक." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता 13 लिहिलं.

खरं तर याच तेराची वाट पाहत होते. 23.4 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप), रोज 1.8 प्रमाणे, बरोबर तेरा दिवस. तेवढे दिवस सगळा मेंदू आणि पाठीचा कणा पार खालपर्यंत, कारण मेड्युलोब्लास्टोमाच्या, म्हणजे लहान मेंदूतल्या या कॅन्सरच्या, पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून मणक्यात उतरू शकतात. आजपासून फक्त गाठ काढली तिथे, डोक्याच्या मागे, एकूण 54 ग्रे पुरे होईपर्यंत. पूर्वी कण्यालाही सरसकट 36 च्या आसपास द्यायचे. आता गाठ जवळजवळ पूर्ण निघाली असेल आणि कुठे पसरली नसेल, तर कमी देतात आणि केमो जोडतात. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. पाठ थोडी आखूड राहील, वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं लागू शकतील, शाळेत समजायला वेळ लागेल. वाण्याची यादी लिहावी तसं मी सगळं वहीत उतरवून घेतलं. घरी ते वाचून नवरा म्हणाला, "आपल्यात कोण ताडमाड आहे?" आणि उठून गॅलरीत गेला.

खारघरच्या प्रोटॉन रेडिएशनचे मेसेज सगळ्या नातेवाईकांनी पाठवले. प्रोटॉन शरीरात ठरलेल्या खोलीपर्यंत जाऊन थांबतो, कण्याच्या पुढचं हृदय, पोट वाचतं, हे डॉक्टरांनीही सांगितलं. पण ऑपरेशननंतर फार थांबून चालत नाही आणि आमचा महिना जखम भरण्यातच गेला. पुण्यातच करायचं ठरलं. रात्री दोन वाजता मात्र ते रोज नव्याने ठरवावं लागतं. ऑपरेशनआधीचे तीन महिनेही तेव्हाच आठवतात. सकाळच्या उलट्यांना पित्त म्हणत होतो, आधीचे डॉक्टर आणि आम्हीही. आवळा सुपारी चघळायला देत होते मी त्याला.

सोसायटीत रेडिएशनबद्दल सगळे "लाईट चालू आहे का?" असं विचारतात. सासूबाई शेक म्हणतात. शेक म्हणजे त्यांच्या लेखी शेगडी, ओवा-शेपांची धुरी. याच टाळूवर त्यांनी सव्वा महिना तेल जिरवलंय. रोज तो घरी आला की डोक्यावर हात ठेवून बघतात, गरम लागतं का. नाही लागत. त्यालाही काही जाणवत नाही, फक्त स्विमिंग टँकसारखा वास येतो आणि मिटल्या डोळ्यांना निळं दिसतं म्हणे. मला वाटलं, रचून सांगतोय. दादा म्हणाले, असं बरेच जण सांगतात. आज सकाळी उशीवर पहिल्यांदा केसांचा पुंजका दिसला. सासूबाईंनी तो माझ्याआधी उचलला होता.

आमच्या आधी एका चार वर्षांच्या मुलीचा नंबर असतो. ती हलू नये म्हणून तिला रोज भूल देतात, म्हणजे रोज उपाशी. ती आत जाईपर्यंत बाहेर कुणी डबा उघडत नाही. असा नियम कुणी केलेला नाही. परवा एका नवीन आजोबांनी बिस्किटाचा पुडा काढला, तर तिघी जणी एकदम त्यांच्याकडे वळल्या.

आमचा सात वर्षांचा, त्यामुळे भुलीशिवाय जमतंय. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणून त्याचा मास्क केलाय. दिसायला थेट सोऱ्याची ताटली. त्यावर त्याने स्केचपेनने वाघाचे पट्टे काढलेत. तो मास्क टेबलाला अडकवतात, सगळे बाहेर येतात आणि जाड दार लागतं. मग दादा मला माइक देतात. त्याला मेट्रोचं वेड, म्हणून मी स्टेशनं सांगते. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप... रामवाडीला पोचून परत वनाजला यायचं. डोकं, मग पाठ, मग कंबर असं चालायचं, त्यामुळे गेले तेरा दिवस दोन-दोन फेऱ्या व्हायच्या. माझा घसा बसायचा, पण कॅमेऱ्यात तो तसूभर हलायचा नाही.

आज सिव्हिल कोर्टलाच दार उघडलं. दादा म्हणाले, "झालं, वहिनी." मी माइक धरून तशीच उभी.

तो बाहेर आला तो फुरंगटूनच. गालांवर जाळीची नक्षी उठलेली. "एवढ्यात कसं थांबवलंस? माझं येरवडा राहिलं."

रिक्षात मंगळवार पेठेपासून पुढची सगळी सांगायला लावली. कर्वे रोडच्या सिग्नलला रिक्षावाले काका मागे वळून म्हणाले, "ताई, बंडगार्डन सुटलं तुमचं."