आईच्या ओव्या उघडल्या

आज दुपारी आईनं १९९९ साली टाइप केलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या पडद्यावर दिसल्या आणि मी खुर्चीत तशीच बसून राहिले.

फायली आयलीपमधल्या. पुण्याच्या सी-डॅकचा हा वर्ड प्रोसेसर आता सहज मिळत नाही. नव्या लॅपटॉपवर नुसती वेडीवाकडी चिन्हं यायची. या फायलींतली मराठी आजच्या युनिकोडमध्ये नव्हती, इस्कीत होती. संगणकात अक्षरांना क्रमांक देण्याचं १९९१ चं भारतीय मानक ते. त्यात देवनागरी १२८ च्या पुढच्या क्रमांकांच्या जागांवर बसते, आणि आजची प्रोग्रामं त्याच जागांवर युरोपीय अक्षरं वाचतात. म्हणजे ओव्या शाबूत होत्या, वाचणारं कुणी नव्हतं.

तीन आठवडे जुन्या डीटीपीवाल्यांकडे खेटे घातले. शेवटी एका काकांनी माळ्यावरचा खोका उतरवला, त्यात आयलीपची सीडी! पैसे घेतले नाहीत. "आईला नमस्कार सांग," एवढंच म्हणाले.

घरचा विंडोज ९८ वाला पीसी तिसऱ्या खेपेला सुरू झाला. 'सुरेख' नावाचा फॉन्ट दिसला आणि आईनं चष्मा लावून पहिली ओवी मोठ्यानं वाचली. दुसरी तिनं न वाचताच म्हटली.

आता एकेक ओवी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतेय. आई शेजारी बसून सांगते आहे.